दहा बोटांचे ज्योतीराम

काळेवाडीत ज्योतीरामांचं घर विचारा, पानटपरीवाला आधी उलट विचारील, "कोणते, दहा बोटांचे का?" नवख्या माणसाला वाटतं, ही काय ओळख झाली, दहा बोटं कुणाला नसतात. पण भोसरीत आणि पुढं चाकणला प्रेस शॉपमध्ये ज्यानं तेहतीस वर्षं काढली, त्याच्या हातांवर दहाच्या दहा बोटं असणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्या बरोबरीच्या लोकांत कुणाचं एक गेलेलं, कुणाची दोन.

प्रेस म्हणजे छापायचं मशीन नव्हे, पत्रा कापायचं. पत्रा ठेवायचा, वरून पाच-पन्नास टनांनी डाय खाली येते, ठप्प, की नग तयार. त्या मशीनला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं, एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच डाय खाली येते. म्हणजे दोन्ही हात बटणावर, डायखाली कुणीच नाही. ज्यानं कुणी ही सोय काढली त्याच्या पोराबाळांचं भलं होवो.

पण माणूस मोठा कलाकार. एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधून टाकायचं. मग ते कायम दाबलेलं. एका हातानं दुसरं बटण, मोकळ्या हातानं पत्रा. नग दीडपट निघतात. सुपरवायझर बघतो आणि बघितलं न बघितलं करतो. कोंडीराम ज्योतीरामांच्या शेजारच्या मशीनवर होते. दिवाळीच्या आधीची ऑर्डर, "उरका, उरका, गाडी उभी हाय" असा तगादा, आणि कोंडीरामांचं बटण बांधलेलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली. रुमाल गुंडाळून त्यांना टेम्पोत घातलं ते ज्योतीरामांनीच. त्या दिवशी घरी येऊन ते बायकोला, सुमनताईंना म्हणाले, "नग कमी निघाले तर निघू देत. मी बटण बांधणार न्हाई."

सुपरवायझर पुढं त्यांना टोमणे मारायचा, "ज्योतीराम, पत्रा कापतोय का नवरी नटवतोय?" हे हसायचे आणि दोन्ही हात बटणावर ठेवायचे.

तर असे ज्योतीराम मागच्या वर्षी रिटायर झाले. फंड आला. मुलगी वर्षाली फिजिओथेरपी शिकून तयार होती. तिच्या दवाखान्यासाठी काळेवाडीतच एक गाळा बघून ठेवला. फंडाचं सगळं त्यासाठीच होतं, दुसरं काही शिलकीत नव्हतं.

नेट बँकिंग सुरू करताना बँकेतल्या मोनिकाला ज्योतीरामांनी एक विचित्र अट घातली. पासवर्ड माझ्याकडं, पण ओटीपीचे सहा आकडे बायकोच्या मोबाइलवर, आणि मेसेज मराठीत.

"काका, दोघं एका ठिकाणी नसलात तर खोळंबा होईल," मोनिका म्हणाली.

"व्हावा, तेवढ्यासाठीच तर करतोय," हे म्हणाले. "दोन बटणं, दोन हात."

पोरीला काही कळलं नाही, पण तिनं करून दिलं. खालच्या मजल्यावरचा सुजित, आयटीवाला, त्यानंही समजावून बघितलं, "काका, दोन्ही एकाच फोनवर घ्या ना. आकडे आपोआप भरले जातात."

"आपोआप भरले जातात म्हणूनच नको, भावा."

आणि आता गंमत ऐका. एवढा नियम करणारा माणूस, आणि चूक त्यानंच केली.

गाळ्याचं डिपॉझिट शनिवारी भरायचं होतं. गुरुवारी दुपारी सुमनताई दापोडीला बहिणीकडं पापड लाटायला गेल्या होत्या. ज्योतीराम घरी एकटे. मोबाइलवर ईमेल आला. वर बँकेचं चिन्ह, खाली लिहिलेलं: आपलं केवायसी संपलं आहे, आज सहाच्या आत अपडेट न केल्यास खातं गोठवलं जाईल. खातं गोठलं तर शनिवारी काय भरणार? गाळा दुसरा कुणी घेऊन जाईल. खाली निळी पट्टी होती, ती दाबली. बँकेसारखंच पान उघडलं. युजर नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मग पान म्हणालं, ओटीपी भरा, आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं पळायला लागलं.

त्यांनी सुमनताईंना फोन लावला.

"अगं, तुझ्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील. पटकन सांग."

"आलेत. पण फोनवर सांगायचं न्हाई असं तुम्हीच म्हणालेला."

"ते परक्याला. मी काय परका हाय?"

"तुम्ही न्हाई, पण ही घाई परकी वाटतीया. कोण बसलंय तुमच्या पाठीवर?"

"कुणी न्हाई. इथं घड्याळ पळतंय, दोन मिनिटं राहिलीत. सहाला खातं बंद पडंल, सुमन."

पलीकडं लाटण्याचा आवाज थांबला. मग सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला बटण बांधायला सांगताय."

ज्योतीरामांना रागच आला.

"पापड लाटताना शहाणपण सुचतंय तुला. सांग म्हणतो ना."

"मी घरी येते. दोघं बसून बघू. बंद पडलं खातं तर उद्या उघडून घेता येतंय. कोंडीरामभाऊजींची बोटं उगवली का परत?" आणि फोन ठेवला.

ज्योतीराम धुसफुसत बसले. घड्याळ शून्यावर आलं, पान म्हणालं, पुन्हा पाठवा. यांनी पुन्हा पाठवलं. सुमनताईंनी फोन उचललाच नाही. तिसऱ्यांदा बोट पट्टीकडं गेलं आणि तिथंच थांबलं. पानावर लाल अक्षरात आलं होतं: त्वरा करा. ही भाषा ओळखीची होती. उरका, गाडी उभी हाय. तेहतीस वर्षांत जेवढी बोटं गेलेली पाहिली, त्यातलं एकही निवांत वेळी गेलं नव्हतं. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

तासाभरात सुमनताई आल्या, हाताला पिठी तशीच, काखेत पापडाचा डबा. दोघांनी सुमनताईंचा मोबाइल मध्ये धरला आणि मेसेज वाचला. त्यात केवायसीचं नावसुद्धा नव्हतं. अनोळखी खात्यात चार लाख ऐंशी हजार पाठवण्यासाठी हा क्रमांक, कुणालाही सांगू नका, असं लिहिलं होतं. एकदा नाही, दोनदा.

मशीन कसं बंद करायचं ते ज्योतीरामांना ठाऊक होतं. मेलमधल्या कुठल्याच नंबरला हात न लावता एटीएम कार्डच्या मागचा नंबर लावला आणि नेट बँकिंग बंद करायला सांगितलं. मग सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करून तक्रार नोंदवली. सुमनताई शेजारी बसून पाणी देत होत्या. शहाणपणाचा एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ज्योतीरामांना तेच जास्त लागलं.

सकाळी बँकेत मोनिकानं खातं उघडून दाखवलं. पैसे जागेवर होते.

"पासवर्ड गेला होता, काका. त्या सहा आकड्यांनी वाचवलं," ती म्हणाली. "यापुढं मेलमधल्या पट्टीवरून बँकेत शिरायचं नाही. आपलं अ‍ॅप आपल्या हातानं उघडायचं. आणि खरंच खोळंबा झाला ना, इथं या, मी बसलेली असते."

नेट बँकिंग पुन्हा सुरू करून नवीन पासवर्ड केला. शनिवारी दोघं शेजारी बसले, यांनी रक्कम टाकली, त्यांनी आकडे वाचले, डिपॉझिट भरलं गेलं.

कंपनीत एक रीत होती. कुणाचा हात थोडक्यात वाचला, की दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला त्यानं उभं राहून सगळ्यांना सांगायचं, लाज न धरता. ज्योतीरामांनी तीच रीत पानटपरीवर पाळली. पट्टी कशी दाबली, बायकोवर कसे खेकसले, सगळं सांगितलं. तिथं उभ्या असलेल्या सुजितनं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आपल्या आईच्या फोनमधून, ज्यावर ओटीपीही यायचा, बँकेचा साठवलेला पासवर्ड काढून टाकला.

दवाखाना सुरू झाला त्या दिवशी पहिले पेशंट म्हणून कोंडीराम आले, आखडलेला डावा हात घेऊन. वर्षालीनं तो हात आपल्या हातात घेतला आणि उरलेली दोन बोटं हळूहळू ताणायला लागली. कोंडीराम डोळे मिटून बसले होते. मध्येच म्हणाले, "ज्योत्या, लोक तुला दहा बोटांचा म्हणतात, ते चूक हाय."

"का रं?"

"वीस हायत. वहिनीची दहा धरली का कुणी?"

सुमनताई पेढ्यांचा बॉक्स फोडत होत्या. त्यांनी वर न बघता पहिला पेढा कोंडीरामांच्या उजव्या हातावर ठेवला.