चिठ्ठी लागलेलं दूध

मी दूध तपासायची नोकरी करत होते आणि माझं स्वतःचं दूध काढायला मला जागा नव्हती. आता हसू येतं, तेव्हा संताप यायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक दूध शीतकरण केंद्र होतं आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी एकटी बाई होते. गावोगावच्या दूधसंस्थांचे कॅन सकाळी गाडीनं यायचे. प्रत्येक गावच्या दुधाचा नमुना एका छोट्या बाटलीत काढायचा, बाटलीला गावाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि फॅट तपासायचं. फॅट फारच कमी भरलं, की पाणी घातलंय असं धरायचं. मग त्या गावचा कॅन परत.

बाळंतपणाची रजा तीन महिन्यांत संपली. लेकीला वरचं दूध सोसत नव्हतं, पाजलं की ओकायची. घर पिंपळीला. सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण पोर वाळत चाललेली त्यांना बघवत नव्हती.

"म्हयनाभर बघू," त्या म्हणाल्या. "पोरीनं अंग धरलं न्हाय तर नोकरी सोडायची. लेकरापरीस नोकरी मोठी न्हाय."

आमच्या घरात शिकून पगारावर लागलेली मी पहिली बाई. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विहारात पेढे वाटले होते. ती सोडायची नव्हती, आणि पोरीलाही उपाशी ठेवायचं नव्हतं.

तान्ह्या मुलाला पाजण्यासाठी आईला कामावर दोनदा सुट्टी द्यायची, असं कायद्यात लिहिलेलं असतं हे मला फार वर्षांनी कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि विचारणार कुणाला? साहेबांपुढं बाळंतपण हा शब्द मी फक्त अर्जात लिहून दिला होता, तोंडानं उच्चारलाही नव्हता.

मग मी माझी वाट काढली. प्रयोगशाळेमागं ॲसिडच्या बरण्या ठेवायची एक कोंदट खोली होती. दाराला आतून कडी नव्हती. कॅन धुणाऱ्या मावशी बाहेर दाराला पाठ लावून बसायच्या आणि कुणी फिरकलंच तर "फिनेल टाकलंय, तिकडंच थांबा" म्हणून हाकलायच्या. तेवढ्या वेळात मी उकळून घेतलेल्या नमुन्याच्या बाटलीत दूध काढायची आणि नमुन्यांच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायची. दोन वाजता रिकामे कॅन घेऊन गाडी पिंपळीवरून परत जायची. तिच्या ड्रायव्हरकडं थर्मास द्यायचा, सासूबाई फाट्यावर उभ्या असायच्या. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. फ्रिजमध्ये नमुन्यांखेरीज काही ठेवायचं नाही, असा त्यांचा कडक नियम होता.

त्या दिवशी वरचा कप्पा भरलेला होता. मी सकाळची बाटली खाली, नमुन्यांच्या रांगेला लागूनच ठेवली. फ्रिजमध्ये ओल यायची, चिठ्ठ्या सुटून पडायच्या. थोड्या वेळानं नमुने बाहेर काढायला गेले तर एका गावची चिठ्ठी तळाशी पडलेली. शेजारी एक बिनचिठ्ठीची बाटली दिसली. मी चिठ्ठी उचलली, डिंकाचं बोट फिरवलं आणि तिला लावून टाकली. हात सवयीनं चालत होते, डोकं पिंपळीत होतं.

त्या बाटलीचं फॅट दीडच्या आसपास भरलं. मी आकडा वाचून दाखवला, साहेब उसळले. "पाणीच विकायला लागले की हे लोक! कॅन बाजूला काढा. अध्यक्षांना बोलवून घ्या."

त्या गावच्या संस्थेचे अध्यक्ष दुपारी लूनावरून आले. सत्तरीचा म्हातारा माणूस, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मी मागच्या खोलीत गाडीसाठी थर्मास भरत होते, त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"सायेब, मी सोता हुबा राहून दूध घिऊन पाठवलंय. पाणी असंल तर नातवाची आन."

फ्रिजमध्ये उरलेली बिनचिठ्ठीची बाटली मी थर्मासात रिकामी करू लागले आणि थांबले. दूध दाट, पिवळसर, वर साईची कड. माझं दूध पातळ, निळसर झाक असलेलं. हे गाईचं होतं. म्हणजे सकाळी तात्यांच्या गावची चिठ्ठी मी माझ्याच बाटलीला लावली होती. आणखी दहा मिनिटांत हेच दूध लेकीच्या पोटात जायला निघालं असतं.

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, एवढं सांगून भागलं नसतं. मग ते पाण्यासारखं दूध कोणत्या गावचं, हे साहेबांनी विचारलंच असतं आणि दुसऱ्या कुणावर आळ आला असता. खरं सांगावं, तर खोली गेली, फ्रिज गेला, आणि महिनाअखेर नोकरीही गेली. मी मावशींकडं बघितलं. त्या दारातून बाजूला सरकल्या. मी बाटली घेऊन बाहेर आले.

"साहेब, तात्यांचा नमुना हा आहे. सकाळी तपासला तो माझा होता."

"तुमचा म्हणजे? तुमच्या गाईचा?"

"गाय नाही साहेब. माझा."

साहेबांना कळायला वेळ लागला. तात्यांना आधी कळलं. त्यांनी खाली बघत टोपी काढली, पुन्हा घातली.

"ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. "आमच्याच दुधात पाणी हुतं असं लिवा. लेकीबाळीचं नाव कशाला कागदावर?"

मला रडू आलं आणि रागही आला. "नाही तात्या," मी म्हणाले, "चोरी तुमीबी केली न्हाय, मीबी केली न्हाय." आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पहिला नमुना तपासनिसाचा, चुकीने लागला.' दुसरा तपासला. फॅट चार भरलं.

साहेब खाकरून म्हणाले, "घरी जाऊन या. दोन तास लागले तरी चालतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार बोलावून खोलीला आतून कडी बसवली आणि आत एक खुर्ची ठेवून घेतली. ती खोली मी वर्षभर वापरली. पुढं नोकरीही टिकली आणि लेकीनं अंगही धरलं.

पण त्या दुपारी दोनची गाडी निघून गेली होती. तात्या म्हणाले, "बस माज्या मागं." आम्ही लूनावरून पिंपळी गाठली. लेक रडून रडून लाल झाली होती. मी तिला घेऊन दाराआड बसले, तात्या बाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला.

लेक पिऊ लागली, रडणं थांबलं. तेवढ्यात तात्या बाहेरून हळूच म्हणाले, "आमची सूनबाई अंगणवाडीत हुती. पोरगं झालं आन मीच तिला सोडाय लावली. पोराला ठिवून जाताना रोज रडायची म्हून." जरा थांबून त्यांनी विचारलं, "सोडलेली नोकरी परत मिळती का गं?"

खोटं बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मला ते जमलं नाही.

"न्हाय मिळत, तात्या," मी म्हणाले.

त्यांचा चहा तसाच गार झाला. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं, आणि महिनाअखेरीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.