येळवशीला ठेवलेली चाचणी

आमच्या हुमनाबादेत टपरीवर चहा पिणाऱ्या कुणालाही विचारा, व्यंकट सर काय करतात? "काय न्हाई, पोरींला चेंडू खेळवायलेत," असं उत्तर येईल आणि चार माणसं हसतील. हा माणूस आधी बेंगळुरूच्या एका कंपनीकडून आणि मग गोव्याच्या क्लबकडून, ऐन उमेदीची सगळी वर्षं पगारावर फुटबॉल खेळला, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. ठाऊक आहे, पटलेलं नाही. मी त्याच्याच शाळेत इतिहास शिकवतो, स्टाफरूममध्ये त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसतो, आणि या गावाचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग येतो. त्याला रागवायला सवडच नसते.

तो मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. गुलबर्ग्याला कॉलेजात गेला तो कबड्डी खेळायला. उंची बघून तिथल्या मास्तरांनी त्याला फुटबॉलच्या संघात घातलं आणि स्टॉपर केलं. स्टॉपर म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढे उभा राहून समोरच्याला अडवणारा. पेपरात फोटो येतो तो गोल मारणाऱ्याचा. ज्यानं दहा गोल होऊ दिले नाहीत त्याला कोण विचारतो? तरी व्यंकटला ते काम आवडलं. पुढे कंपनीत लागला तेव्हा आई, राजूबाई, फोनवर म्हणाली होती, "चेंडू लाथाडायचा पगार देत्यात व्हय? नीट इचार बाबा, तुला फसवायलेत." लग्नाच्या बोलण्यात तिनं खेळाचा विषयच काढला नाही. ल्योक कंपनीत हाय, एवढंच सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

गोव्यात पावसाळी मैदानावर त्याचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण खेळ संपला. मग त्यानं प्रशिक्षकाची परीक्षा दिली, पास झाला आणि गावी परत आला. लहानपणी आपल्याला शिकवायला इथे कुणी नव्हतं, निदान आता असावं, असा त्याचा विचार. विचार चांगला होता. पण आमच्याकडे चांगला विचार करणाऱ्याची जी दशा होते तीच त्याची झाली. संस्थेनं त्याला नोकरी दिली आणि पंधरा ऑगस्टला पोरांच्या रांगा लावण्याचं आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या गाड्या लावून घेण्याचं काम दिलं. मैदान आहे, पण हंगामात त्याच्यावर तूर वाळत घातलेली. उचला म्हटलं तर तूरवाला म्हणतो, "सर, तुमचा खेळ काय, उद्या बी हाईच की." मुलं आली, आणि एकाच्या हातात बॅट येताच सगळी क्रिकेटला पळाली. राहिल्या त्या मुली, कारण त्यांना दुसऱ्या कुठल्या मैदानावर कुणी पाऊलच ठेवू देत नव्हतं.

त्यातली एक मंजुश्री. उद्धवराव म्हणून हमरस्त्यालगत शेती करणारे गृहस्थ आहेत, त्यांची मुलगी. डाव्या पायाची. डावीकडून अशी सुळकन निघून जायची की आडवी आलेली मुलगी उभ्या उभ्या वळून बघत राही. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती खेळताना मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो. व्यंकट म्हणायचा, "श्रीहरी सर, मी आयुष्यभर असल्यांला अडवलंय. हिला अडवणं सोपं न्हाई."

तिच्यासाठी त्यानं बेंगळुरूच्या एका क्रीडा अकादमीच्या मागे दोन वर्षं लकडा लावला. तिथे मुलींना राहून शिकायची, खेळायची सोय होती, पण वयाची अट होती आणि या जानेवारीत मंजुश्री त्या अटीबाहेर जाणार होती. अखेर अकादमीच्या शैलश्री मॅडम, स्वतः जुन्या खेळाडू, गुलबर्ग्याला येऊन एक दिवस निवड चाचणी घ्यायला तयार झाल्या. डिसेंबरातली तारीख तुम्हीच सांगा, म्हणाल्या. व्यंकटनं शाळेच्या भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं, एका दिवसाला सुट्टी दिसली, मुली मोकळ्या असतील म्हणून तीच तारीख कळवून टाकली. आमच्या आणि गुलबर्ग्याच्या, अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना निरोप पाठवला. सगळ्यांनी मोबाइलवर होकाराचे अंगठे पाठवले. आमच्या लोकांना नाही म्हणायचा भारी संकोच. हो म्हणायचं आणि यायचं नाही, हे त्यांना जास्त सभ्य वाटतं.

आठवडाभर आधी त्यानं स्टाफरूममध्ये मला ही बातमी सांगितली. मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी सुट्टी कशाची आहे ते बघितलंस का?"

"असेल की कुणाची तरी जयंती."

"व्यंकट, येळवस आहे!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्या सीमाभागात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी घराला कुलूप लावून माणसं म्हातारी-कोतारी, सोयरे-धायरे घेऊन शेतात जातात, पूजा करतात, पोट फुटेस्तोवर जेवतात. गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस, पण परमुलखात त्या दिवशी सामने असायचे, आणि इतक्या वर्षांत तो येळवस विसरला होता. तारीख त्यानंच ठरवलेली, बोल कुणाला लावणार? मॅडमना फोन केला. त्यांचे पुढचे सगळे जिल्हे ठरलेले होते. "सण संध्याकाळी करा," त्या म्हणाल्या. बेंगळुरूकरांना काय सांगावं!

मग तो घरोघर फिरला. एकीची आजी म्हणाली, "येळवशीला पोर शेताबाहेर? आमी मेल्यावर न्या." दुसरीच्या वडलांनी हसून चहा पाजला आणि विषय बदलला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही. फक्त उद्धवराव म्हणाले, "पाठवतो. पर पूजा हुईल, ती चार घास खाईल, तुमी बी खाल, मगच गाडी हलंल. उपाशी कुणी शेतातनं जायलंय म्हटल्यावर माझ्या रानाला काय वाटंल?"

त्या दिवशी गाडी मिळेना, कारण प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या शेतात. आमच्या घराण्याची जमीन आजोबांच्या वेळीच गेलेली, त्यामुळे अख्ख्या गावात रिकामा मी एकटा. माझी जुनी मारुती काढली. शेतात पोचलो तर कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. उद्धवराव आंबिलीचं मडकं घेऊन पिकातून शिंपडत निघालेले आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. पूजा झाली. पंगत बसली. व्यंकट घड्याळाकडे बघतोय आणि उद्धवरावांची बायको त्याच्या पानात भज्जी वाढतेय. ही भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. ओली तूर, वाटाणा, हरभरा आणि रानातल्या साऱ्या भाज्यांची दाट मिसळ. "घ्या सर, लाजायलात कामून?" नको म्हणायची सोय नव्हती. मंजुश्री खेळाच्या कपड्यांवर शाल पांघरून बसली होती, घासभर खाऊन कधीच उठली होती.

गुलबर्ग्याच्या मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा तिथे शैलश्री मॅडम, त्यांचा एक मदतनीस आणि चेंडूंची जाळी. बाकी शुकशुकाट. अंगठे पाठवणारे सगळे आपापल्या कोपीत आंबील पीत असणार. मॅडम रागावलेल्या होत्या, आणि का नसाव्यात? "दोन जिल्ह्यांत मिळून एक मुलगी?" त्या कन्नडमधून म्हणाल्या. त्यांनी मंजुश्रीला पळवून पाहिलं, चेंडू खेळवून पाहिला. ताबा छान आहे म्हणाल्या. "पण समोर कुणी नसताना सगळ्याच छान खेळतात. अडवायला कोण आहे हिला?"

"मी हाय की," व्यंकट म्हणाला आणि पँट दुमडू लागला.

मी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. गुडघा पुन्हा गेला तर चालणंही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय ते आठव, म्हटलं. त्यानं माझा हात सोडवला. मॅडमना त्यानं गुडघ्याचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी उभंच राहू दिलं नसतं.

मंजुश्री चेंडू घेऊन आली. तिच्या डाव्या हाताला त्याचा उजवा, दुखरा गुडघा. नेहमीची तिची वाट तीच. पण ती उजवीकडे वळली, आणि व्यंकटनं चेंडू काढून घेतला. पुन्हा आली, पुन्हा उजवीकडे. पुन्हा गेला चेंडू. ती डावी बाजू मुद्दाम टाळतेय, हे तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं, म्हणजे बघा. तो ओरडला, "डावीकडनं जा! मंजू, तुझ्या डाव्या पायावर ये!" ती आली आणि उजवीकडेच वळली. तो मुद्दाम मागे राहिला असता, तिला जाऊ दिलं असतं, तर मॅडमच्या नजरेतून ते सुटलं नसतं. आणि खरं सांगायचं तर ते त्याला जमलंही नसतं. समोर चेंडू आला की त्याचा पाय आपोआप जात होता. इतकी वर्षं पोटासाठी केलेलं काम असं ऐनवेळी थोडंच विसरतं!

मॅडमनी शिट्टी वाजवली. "डाव्या पायाची मुलगी, आणि प्रत्येक वेळी उजवीकडे वळते. अडवणाऱ्याला आधीच कळतं. वर्ष हाताशी असतं तर शिकवलं असतं हो, पण आता वय नाही." त्या वाईट बाई नव्हत्या. मंजुश्रीच्या पाठीवर हात फिरवून त्या पुढच्या गाडीला निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर कमलापूर मागे पडलं. मग व्यंकटचा बांध फुटला. "किती घसा फोडलो मी! कामून गेली न्हाईस डावीकडनं? एवढं एकच तर करायचं व्हतं!"

मागच्या सीटवरून ती म्हणाली, "गुडघा गेला असता सर तुमचा."

"जाऊ दे की गेला तर! तुझं झालं असतं."

"माझं एकटीचं झालं असतं. बाकीच्या पोरी तर हितंच ऱ्हाणार हाईत. त्यांला कोण शिकवलं असतं?"

"येडी हायस तू," व्यंकट म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून हमसून रडला. मी गाडी चालवत होतो. मला भयंकर राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते मला आजही कळलेलं नाही.