खालच्या आंगनातला वॉल्व

पानी वर चढत नव्हतं. सेक्टर दोनमधल्या आमच्या ओळीतला शेवटचा ब्लॉक, त्यातला वरचा क्वार्टर आमचा. अन् तिथपर्यंत पानी पोचते असा हिशेब कागदावर मांडनारा मानूस माह्याच घरात जेवत होता! सकाळी नळ आला का खाली धो धो, वर तोटीच्या तोंडाले नुसता ओलावा. मी बादल्या घेऊन जिना चढायची अन् नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.

हे पाइपाच्या डिझाइन ऑफिसात होते. तिकडे कारखाना उभा होऊन राहिला होता, इकडे त्यातल्या लोकायसाठी क्वार्टर. यायचं, म्हनजे माह्या नवऱ्याचं, काम असं, का सरळ पाइपात पान्याचा दाब हळूहळू कमी होते, पन जिथं वळन, जिथं फाटा, जिथं वॉल्व, तिथं पानी अडखळते अन् एकदम दाब खाऊन बसते. एक वळन म्हनजे इतके फूट सरळ पाइप, असं एकेक जोड धरून मोजायचं. साहेब म्हने, एवढं बारीक कायले, सरसकट थोडं धर अन् मोठा पाइप टाक. यायनं ऐकलं नाही. आहे त्याच पाइपानं पानी चढते, म्हनून सही केली. साहेबानंही सांगून ठेवलं, उन्हाळ्यात पानी चढलं नाही तर तुले परत नकाशे गिरवायले बसवतो.

उन्हाळा आला. हे ऑफिसातून आले का तेच आकडे घेऊन बसत. कोनता जोड राहून गेला, तेच शोधत. मी म्हनायची, तुमच्या आकड्यायनं माहा पान्याचा गुंड भरत नाही. फार लागेल असं बोलायची. बोलायचंच होतं मले.

खाली राहे ती भंडाऱ्याकडची, शेतकरी घरची. बोली आमचीच. आल्या आल्या तिनं जवसाची चटनी पाठवली, मले माहेर भेटल्यासारखं झालं. मंग आडनाव कळलं अन् वाटी बंद. आमी नवीनच बौद्ध झालेलो, देव घरातून काढून टाकले होते. पन शेजारनीच्या डोक्यातून आमची जात कोन काढनार!

एका रविवारी यायनं ऑफिसातून दाब मोजायचं घड्याळ आनलं. तोट्या चालू ठेवून खालच्या नळाले लावलं, तिथं दाब भरपूर. आमच्या नळाले लावलं, काटा हालेना. मधात होतं काय, तर एक वळन अन् खालच्या आंगनातला एक वॉल्व. त्यावर घमेलं पालथं घातलं होतं. यायनं विचारून ते उचललं, वॉल्वची चाकी हातानं फिरवून पाह्यली. वॉल्व पाऊन बंद होता, पाव हिस्साच उघडा.

ती काही लपली नाही. पदर खोचून समोर उभी राह्यली.

"मीच फिरवला. तुमी वर तोटी उघडता, मंग तुमच्या हाताचं पानी त्याच पाइपानं उलटं उतरते आमच्या गुंडात. तेच पानी मी देवाले घालू का?"

पुरा बंद कावून नाही केला, मी विचारलं. तर म्हने, पुरा केला असता तर तुमी कंप्लेंट केली असती.

माह्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाले येईल ते मी तिले बोलली, आजही त्यातला एक शब्द मी परत घेनार नाही. हे चाकी उलटी फिरवत राह्यले, अन् वर आमच्या बादलीत पानी पडल्याचा आवाज आला. हिशेब बरोबर होता. यायनं चाकी काढून खिशात घातली.

मले वाटलं, आता हे साहेबाले सगळं सांगतीन. यायनं सांगितलं फक्त, वॉल्व बंद सापडला. कोनं केला, कावून केला, एक शब्द नाही. यायचं नकाशे गिरवनं टळलं, पन मी कितीतरी दिवस यायच्याशी धड बोलली नाही.

मंग पुढच्या क्वार्टरांचा हिशेब आला. यायनं प्रत्येक वॉल्वपुढं भला मोठा आकडा मांडला. पाइपही त्यापायी मोठा धरला. साहेबानं बोलावून विचारलं, सरळसाधा वॉल्व एवढा दाब कसा काय खाते?

"पाऊन बंद धरला, साहेब. मानसं राहनार आहेत तिथं."

साहेबानं लाल पेन्सिलीनं सगळे आकडे खोडले. वॉल्व नेहमी उघडाच धरायचा असते, म्हने.