साय काढलेल्या दुधाची फॅट

माझी शाळा चौथीपर्यंत. पण दुधाची फॅट आपल्याला कळते, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. मुरबाडच्या रस्त्याला, आमच्या फाट्यावर डेअरी हाय. रोज सकाळी तिथं कॅन उतरवायचा, कपभर दुधात मशीनची नळी बुडायची आणि लाल आकडे उमटायचे. माझ्या म्हशीला सात लागायची, कधी सव्वासात. रांगेतला मागचा विचारायचा, "घालतोस काय रे तिला?"

"तू बायकोला घालत नायस ते."

माणसं हसायची. फॅट जास्त म्हणजे दूध चांगलं, एवढंच मी शिकलो होतो.

बायकोला चढावर दम लागायला लागला तेव्हा तिला शहापूरला नेली. डॉक्टरने रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाला. गोळी रोज घ्या, तूप-तेल कमी करा, दूध कमी फॅटचं घ्या. बाहेर येऊन ती म्हणाली, "म्हशीचा खुराक मलाच लागला वाटतं."

मुलगा वाशिंदला कारखान्यात कामाला जातो. त्याच संध्याकाळी तो दुधाची पिशवी घेऊन आला. वर छापलेलं, फॅट दीड. मी ती त्याच्या हातात परत दिली. म्हटलं, "गोठ्यात दुभती म्हैस उभी हाय आणि तुझी आई हे पाणी पिणार? गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

ती चुलीपाशी होती. म्हणाली, "आणलीय तर राहू दे ना. काय बिघडतं?"

"तू गप गो. साय काढून पी, झालं."

मग तसंच चाललं. ती दूध तापवायची, निववायची, वरची साय काढून ठेवायची. सायीचं विरजण, विरजणाचं लोणी, लोण्याचं तूप. तूप माझ्या भातावर. तळाला राहिलेली बेरी साखर घालून ती खायची, माहेरपासूनची आवड तिची. दुधातून काढलेलं परत तिच्याच पोटात जातं, हे मला दिसत होतं. बोललो नाय. तेवढीच तिची चैन, म्हटलं.

गोळीचंही तसंच. संपली की शहापूरला फेरी होईपर्यंत नाय.

दोन वर्षांनी, भाताची झोडणी आटपल्यावर, एका दुपारी ती अंगणात टेकली. छातीत कळ येते म्हणाली. गाडी येईपर्यंत संपली होती.

वर्षश्राद्धानंतर सुनेने माझं रक्त तपासून घेतलं. माझंही वाढलेलं. ती म्हणाली, "बाबा, आता तरी पिशवीचं घ्या."

"साय काढून दे," मी म्हणालो.

तिने भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडं बघितलं. ते बघणं मला लागलं. दुसऱ्या सकाळी मी कॅनबरोबर तांब्यात साय काढलेलं दूधही घेतलं.

"आजोबा, हा नैवेद्य कोणाला?" डेअरीवाला म्हणाला.

"तुझ्या मशीनला. लाव, लिहून घेऊ नको."

मागचा लगेच म्हणाला, "काय रे, म्हातारपणी पाणी घालायला लागलास काय?"

आधी कॅनमधलं लावलं, सात. मग तांब्यातलं. तीन पॉइंट नऊ. डेअरीवाला खूश झाला. "गाय घेतलीत वाटतं? गाईला एवढी म्हणजे भारीच की."

मी आकडे परत बघितले. कुठं दीड आणि कुठं पावणेचाराच्या वर. साय काढली म्हणजे फॅट गेली, असं मी धरून चाललो होतो. फॅट निम्मी दुधातच राहिलेली. दोन वर्षं रोज सकाळी मी ह्याच मशीनपुढं उभा होतो. म्हशीचं दूध रोज तपासलं, बायको काय पिते ते एकदा नाय.

तसाच शहापूरला गेलो. डॉक्टरला म्हटलं, "दुधानं गेली काय? खरं सांगा."

त्याने चष्मा काढला. "एकट्या दुधानं कोणी जात नाही हो. गोळ्या चुकत होत्या, तूप चालू होतं, वयही होतं. पण दूध बदलायला हवं होतं. मी सांगितलं होतं."

खोटा धीर दिला नाय, बरं केलं.

रविवारी मुलगा गोठ्यात शेण भरत होता. मी जाऊन म्हणालो, "तुझी आई पिशवी ठेव म्हणत होती. मी ठेवू दिली नाय. चूक माझी."

त्याने पाटी खाली ठेवली. "आता कशाला काढता, बाबा?"

"तू कधी बोलला नायस म्हणून."

"काय बोलणार? तुमी थोडेच ऐकणार होते?" मग खाली बघत म्हणाला, "मीपण एकदाच आणली. परत आणली नाय. तिला गुपचूप देता आली असती."

इतके दिवस हा हे एकटाच वागवत होता, मला पत्ता नव्हता. मी म्हणालो, "ते अंगावर घेऊ नको. घरात शब्द माझा चालायचा, तर हेही माझंच."

 त्याने बाहीने डोळे पुसले आणि शेण भरायला लागला. मी दुसरी पाटी घेतली.