गायरानातली तूर

जालन्याहून सुटलेल्या एसटीत बहुतेक सगळे राजूरच्या गणपतीला निघालेले. मी मात्र हिराबाईकडे चालले होते. आईच्या आजारपणात दवाखान्यात तिची मुलगी शेजारच्या खाटेवर होती, तेव्हाची ओळख. "तूर शेंगंवर आली की या, ताई," असं तिनं बजावलं होतं.

राजूरला उतरून रिक्षावाल्याला भिल्लांची वस्ती सांगितली. "तिकडं काय हाय पाहायला?" तो म्हणाला. डांबरी रस्ता संपला, मुरमाचा लागला. टेकाडाच्या पायथ्याशी पत्र्याची घरं आणि पलीकडे गायरानात (गावच्या चराईच्या सरकारी जमिनीत) डोक्याइतकी उंच तूर.

हिराबाईनं बाजरीची भाकरी अन् ठेचा वाढला. जेवणानंतर तिचे सासरे उखाबाबा मला शेतात घेऊन गेले. "निस्ता माळ व्हता. माझ्या बापानं दगड येचले." बांधाजवळच्या शेंदूर लावलेल्या दगडाखाली तो बाप पुरलेला होता. जमीन मात्र कधीच नावावर झाली नव्हती. आता तिथं सौरऊर्जेचा प्रकल्प येणार होता. नोटीसही आली होती.

"पीक निघूस्तोर न्हाई येणार कोणी," हिराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर असतानाच जेसीबी आला, मागे पोलिसांची गाडी. बायका तुरीपुढे बसल्या. मीही बसले.

अधिकारी तरुण होता, आवाज चढवत नव्हता. "बाबा, जमीन सरकारची आहे. मला वरून हुकूम आहे."

"शेंगा भरून राह्यल्या, साहेब," उखाबाबा म्हणाले. "तेवढ्या निघू द्या, मंग बोलू."

"खूप थांबलो."

महिला पोलिसांनी आम्हाला धरून उठवलं. हिराबाईला उचलावंच लागलं. यंत्र तुरीत शिरलं तशी ती हात सोडवून धावली. मला वाटलं, आडवी पडते की काय! पण ती विळा घेऊन हिरवीच तूर कापू लागली. मागोमाग सगळ्या बायका. मीही हातानं झाडं उपटू लागले. शेंगा चपट्या होत्या, आत दाणा नव्हता.

यंत्र शेंदराच्या दगडाशी आलं तेव्हा अधिकाऱ्यानं हात वर केला. "तेवढं सोडा. बाबा, कुंपण झालं तरी तुम्हाला इथं येऊ देऊ."

"मेल्याला जागा देता, साहेब," उखाबाबा म्हणाले, "जित्याला न्हाई."

अधिकारी गाडीत जाऊन बसला.

दुपारी मी निघाले. हिराबाई रस्त्यापर्यंत आली. एसटीत शेजारच्या बाईंनी हातावर पेढा ठेवला. "दर्शन बराबर झालं का?" मी मान हलवली. घरी आल्यावरही लोक विचारत राहिले, काय काय पाहिलं. गणपती पाहायचा राहिला, एवढंच सांगणं सोपं जायचं.

पाडव्यानंतर हिराबाईचा फोन आला. उखाबाबा बापाच्या दगडाला नारळ फोडायला गेले होते. राखणदारानं फाटक उघडलं नाही.

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करतेत, ताई? तारंच्या भाईरून हात जोडले, नारळ वापस आणला. घरातच ठिवलाय. फोडूबी देत न्हाईत कुणाला."