जोड्यावर ठेवलेला चष्मा

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलांना अर्धी सांगितली, तीही मला शोभेल ती अर्धी. आज सगळी सांगतो.

"काय रे, शास्त्री झालास का?"

पागेच्या ओसरीवर, भर सकाळी, सगळ्यांसमोर कारभाऱ्यांनी मला हे विचारलं. मी खाली बसून, चष्मा लावून तंग शिवत होतो. तंग म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. आम्ही जिनगर. बापाने जन्मभर खोगिरं शिवली, मीही पुण्यात एका सरदारांच्या पागेत तेच करत होतो. त्या दिवशी दसरा होता. धाकटे धनी पहिल्यांदाच मोठ्या घोड्यावरून शिलंगणाला निघायचे होते, आणि तंगाच्या कडीची शिवण ऐन वेळी उसवली होती. थोरले धनी स्वतः येऊन उभे होते.

चष्मा नवा होता. रविवार पेठेतल्या एका बोहऱ्याकडे मुंबईहून पेटी आली होती. त्याने एकेक काच माझ्या डोळ्यांसमोर धरली, हातात सुई दिली, म्हणाला, "ओवा." बऱ्याच काचा झाल्या. मग एकदम सुईचं नेढं दिसलं. मी दुकानातच रडलो. दोन वर्षं मी बोटांनी चाचपून शिवत होतो, आणि कुणाला कळलं तर काम जाईल म्हणून गप्प होतो.

पण त्या काचेतून जवळचं दिसायचं आणि लांबचं विरघळायचं. चष्मा लावून उठलो की जमीन वर यायची. पायरी असायची तिथे पायाला सापडायची नाही. माणसांचे चेहरे म्हणजे कणकेचे गोळे. पहिल्या दिवशी मी भर रस्त्यात भिंतीला धरून उभा राहिलो. होते ते डोळेही गेले, असं वाटून घाम फुटला. बायको म्हणाली, "अहो, शिवताना लावा. चालताना कुणाला दाखवायचाय?"

मोठ्यांपुढे पायात जोडा नको, हे मला ठाऊक होतं. डोळ्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. ते कारभाऱ्यांनी सांगितलं.

"पायातलं बाहेर ठेवलंस, मग डोळ्यांवरचं कोण काढणार? धन्यांकडे भिंगातून बघतोस?"

लोक हसले. धनी हसले नाहीत. त्यांनी थांबवलंही नाही.

"काढ. आणि ठेव तिकडे, जोड्यावर."

मी उठलो. कानामागची दोरी सोडली. दारापाशी माझे शेणाने भरलेले जोडे होते, त्यांवर चष्मा ठेवला. परत येऊन बसलो. टाका दिसत नव्हता. आरीने पाडलेलं भोक बोटाला लागत होतं, पण दोरा त्यातून गेला की कातड्याच्या कडेवरून घसरला, ते कळत नव्हतं. शेवटचे टाके बसले नाहीत, असं मला वाटलं. वाटलं कसलं, कळलं. तोंड उघडायला हवं होतं.

"झालं का रे?"

"झालं जी."

म्हादू मोतद्दाराने तो तंग नेला. घोड्यांची देखभाल त्याच्याकडे. येरवड्याचा पोरगेला गडी. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, मनाला लावून घिऊ नगा. त्येंची जीभच तशी."

शिलंगणाच्या गर्दीत नगाऱ्याला घोडा बुजला. तंग तुटला. धाकटे धनी खोगिरासकट खाली आले. खांद्याचं हाड मोडलं.

कारभाऱ्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "तंग कुणी आवळला?"

"म्या," म्हादू म्हणाला.

कुणी शिवला, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो प्रश्न जोड्यांपर्यंत गेला असता. मी वाट पाहत होतो, की विचारतील. आणि देवाला सांगत होतो, की विचारू नयेत. म्हादूच्या पाठीवर कोरडे पडत होते. म्हादूने हात आडवा धरला तेव्हा चाबकाची मूठ मनगटावर बसली. तो आवाज मी ऐकला. बघितलं नाही. मी माझ्या पायांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तोच तंग दुरुस्तीला माझ्याकडे आला. मी चष्मा लावला. शेवटची भोकं कोरी होती. त्यांत दोराच नव्हता. मी तेवढं कातडं कापलं आणि घरी नेऊन चुलीत घातलं. घरभर वास पसरला. बायकोने विचारलं, "काय जळतंय?" मी म्हटलं, "चिंधी."

पुढे महिनाभराने कारभारी पुन्हा आले. मी बसून शिवत होतो.

"काढ."

मी मान वर केली. काचेतून त्यांचा चेहरा दिसतच नव्हता. नुसता पांढरा डाग, वर पगडीचा रंग. मी आयुष्यभर ज्या चेहऱ्याला भ्यायलो, तो तिथे नव्हता.

"नाही काढणार."

"काय म्हणालास?"

"काढला की टाका दिसत नाही. न दिसता शिवलं की माणूस पडतो."

डाग जवळ आला. "म्हणजे? काय म्हणायचंय तुला?"

तिथे बोलायचं होतं. एवढंच एक वाक्य पुढे होतं.

"काही नाही जी."

"उद्यापासून येऊ नकोस."

मी चष्मा डोळ्यांवर ठेवूनच बाहेर पडलो. जोडे चाचपून घातले. आमच्या आळीत याची बढाई झाली. जिनगराने कारभाऱ्यांपुढे चष्मा काढला नाही म्हणे! मी ती बढाई होऊ दिली.

बऱ्याच वर्षांनी नदी उतरून येरवड्याला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. म्हादू झोपडीपुढे बसून डाव्या हाताने दोर वळत होता. उजवा मनगटात वाकडा. घोड्यापाशी त्याला पुन्हा कुणी उभं केलं नव्हतं.

"या दादा. चष्मा झ्याक हाय की."

मी बसलो. चष्मा काढला नाही.

त्याने दोराचं टोक पायाखाली दाबलं. मग म्हणाला, "दादा, तुमी व्हता तिथं. येक इचारू? म्या तंग ढिला ठिवला व्हता का वो? मला तर वाटतं, नीट आवळला व्हता. पर आता काय बी खरं वाटंना."

मी म्हणालो, "आता कशाला तो विषय, म्हादू."

तो हसला. "खरं हाय," म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

चष्मा काढायला लावणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, करणार नाही. पण चुलीत घातलं ते माझ्या हाताने. इथून पुढे माझ्या तोंडावर कुणी ती बढाई केली, तर मी तिथल्या तिथे त्याला तंगाचं सांगेन. म्हादूच्या लेकाला सांगेन. तो थुंकला तर पुसणार नाही.

आणि ज्याला सांगायचं होतं त्याला मी म्हणालो नाही ते हे. म्हादू, तू नीट आवळला होतास. टाका माझा चुकला. मला ते तेव्हाच कळलं होतं.