पंप आमच्याकडे, पाणी त्यांच्याकडे

आमच्या परळच्या चाळीत कोणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळतं, आणि कोणाच्या मनात काय शिजतंय ते माझ्याकडून. लोक मला भोंगा म्हणतात. म्हणोत. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, चाळीला एक तरी नको का?

पण जयवंत तोरस्करांबद्दल सांगायचं तर माझी पंचाईत होते, कारण हा माणूस बोलतच नाही. आमच्या आणि त्यांच्या खोलीत भिंत नाही, लाकडी फळ्या आहेत. पलीकडे चमचा पडला तर इकडे कळतं आमटीचा की चहाचा. तरी इतक्या वर्षांत भावजींचा आवाज मी ऐकला असेल तो शिंकेचा. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला, त्याच्या तळघरात ते पंप चालवतात. सगळी पाळी घरघर ऐकणारा माणूस घरी येऊन काय बोलणार? त्यांच्या वाटचं सगळं त्यांची बायको माया बोलायची.

मायाची एक खोड होती. जांभई आली की चुटकी. आता चुटकी आपण सगळेच वाजवतो, उघड्या तोंडातून नको ते आत शिरू नये म्हणून. पण मायाची ऐकावी. दोन चटाचट, मग जरा थांबून तिसरी, हलकी, जणू दार लोटून घेतलं. आणि दुसऱ्याच्या जांभईलाही वाजवायची. माझी जांभई अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. मी कणिक मळत असले आणि हात पिठात असले की फळीपलीकडून माझ्यासाठी चुटकी यायची. वर टोमणा. "प्रिती, तोंड मिट गो, ट्रक शिरात!"

गेल्या वर्षी गौरी जेवून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग माया गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. भावजी रडले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात कामावर गेले आणि फळीपलीकडे जी शांतता पसरली, ती मला जागच्या जागी बसू देईना.

मग एके दिवशी ते हातांत काचेची पेटी धरून जिना चढताना दिसले. टॉवरमधलं एक ऑफिस हललं, जाताना त्यांनी रिसेप्शनवरचा छोटा फिश टँक टाकून दिला, तो भावजींनी उचलून आणला. आत ओलं फडकं, आणि फडक्यात गुंडाळलेला एक दगड. भोकाभोकांचा, जांभळट, कुठे कुठे केसाळ.

"भावजी, हा कुठला देव?" मी विचारलं.

"जिवंत दगड," ते म्हणाले. म्हणजे चक्क दोन शब्द बोलले.

टँक समुद्री माशांचा, म्हणजे पाणी खारं हवं. पुडीतलं मीठ बादलीत ढवळून ते तयार करायचं. मालवणी माणसाने घरात मीठ आणलं, मासा आणला, आणि वाटण न लावता त्याला पोहायला सोडलं, यावर मी नळावर आठवडाभर करमणूक केली. मासा एकच, फिश टँकच्या दुकानातून आणलेला, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा. टँक ठेवला खिडकीखाली, जिथे माया तांदूळ निवडायला बसायची. पाठीमागे फळीला टेकवून फिल्टरचा डबा आणि पंप. तो सुरू झाला की फळी थरथरायची आणि माझ्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागायच्या.

"भावजी, टॉवरचा पंप घरी आणलात की काय?" मी फळीवर थाप मारून ओरडायचे.

पण हळूहळू दुपारचा तो पंप बंद राहू लागला. भावजींची पाळी सकाळची, दुपारी ते घरी असत. वाट्या गप्प, फळी गप्प. आणि त्या शांततेत एके दिवशी मला ऐकू आलं.

चट, चट. जरा थांबून, चट.

बाईमाणसाची चुटकी! माझं डोकं कुठे धावलं असेल ते सांगायला नको. संध्याकाळपर्यंत मी शेजारच्या नूपुरच्या कानात टाकलं होतं, "भावजींकडे दुपारची कोणीतरी येते." नूपुरने डोळे मोठे केले. "कोण येते?" ती म्हणाली. "मी समोरच बसते काकी, दारातून कोणी आत गेलेलं मी तरी पाहिलं नाही."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, थांबून तिसरी वाजवणारी एकच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पंप थांबला. मी वाटीभर सोलकढी घेतली आणि सरळ शेजारी गेले. दार लोटलेलं. आत भावजी टँकसमोर पाटावर बसलेले, पंपाची पिन बोर्डातून काढून मांडीवर धरलेली. खोलीत दुसरं कोणी नाही. पाणी दुधाळ दिसत होतं, त्याला नासक्या शिंपल्यांसारखा वास येत होता. तो केशरी मासा वर येऊन तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता. जांभया देत असल्यासारखा.

"अहो, मरेल तो! पंप लावा!"

भावजींनी ओठांवर बोट ठेवलं. मी सोलकढी धरून उभी राहिले. गॅलरीतली पोरं कुठेतरी खाली गेली होती. माशाने तोंड उघडलं.

चट, चट. थांबून, चट.

दगडातून. वाटीतली सोलकढी माझ्या पायावर सांडली.

"वयनी, मी खुळो नाय," भावजी हलक्या आवाजात म्हणाले. "दुकानदाराक विचारलंय मी. दगडाच्या बिळात एक जातीची कोळंबी ऱ्हवता. नांगी मिटली की आवाज येता. माका ठाऊक आसा ती कोळंबी आसा."

"मग?"

"मग काय? पंप चालू असलो की ऐकाक येणा नाय."

एवढंच. म्हणजे रोज दुपारी हा माणूस पंप काढून ठेवत होता आणि ऐकत होता. दुकानदाराने त्यांना हेही सांगितलं होतं की फिल्टरच्या डब्यात चिनी मातीच्या पोकळ रिंगा असतात, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव धरतात, तेच पाण्यातलं विष खातात. वाहतं पाणी थांबलं की ते जीव मरतात. मग मासा, मग दगड, मग दगडात जे असेल ते.

"म्हणजे ऐकत बसलात तर ती जाणार," मी म्हटलं, "आणि तिला जगवलंत तर ऐकू येणार नाही."

'ती' हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि आम्ही दोघांनीही तो परत घेतला नाही. भावजींनी पिन बोर्डात घातली. घरघर सुरू झाली. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. जन्मभर पंप चालवलेला माणूस एका पंपापुढे हरला होता.

मी फळीकडे पाहिलं. फळीला खालच्या अंगाला एक गाठ निघून भोक पडलं होतं. त्यातूनच माया मला लसणीची चटणी द्यायची.

"भावजी," मी म्हटलं, "पंप आमच्याकडे ठेवा."

"काय?"

"पंप आमच्याकडे, पाणी तुमच्याकडे. नाहीतरी आमच्या घरात शांतता ठेवून कोणाचं भलं झालंय?"

आमचे हे रात्री जेवताना म्हणाले, "आता शेजाऱ्याचा समुद्रपण आपल्याच घरात?" पण रविवारी हेच करवत घेऊन फळीचं भोक मोठं करायला बसले. भावजींनी टँकच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून आणलं. तिथून जास्तीचं पाणी नळीने फळीपार उतरून आमच्या मोठ्या बादलीत पडतं. बादलीत आधी गाळायचा कापूस, मग रिंगा, तळाला पंप. तिथून दुसऱ्या नळीने गाळलेलं पाणी परत त्यांच्याकडे. वीज गेली तर टँक आमच्या घरात रिकामा होऊ नये म्हणून त्या नळीला पाण्याच्या वर बारीक छिद्र. आणि मासा किंवा कोळंबी वाहून इकडे येऊ नये म्हणून काचेच्या भोकाशी जाळी, इतकी दाट की त्यातून मोहरीचा दाणा जायचा नाही. बादलीखाली मी जुनी गोधडी दुमडून घातली. घरघर राहिली, पण आमच्याकडेच, तीही दबलेली. पाणी निवळलं, मासा तळाशी जाऊन फिरू लागला. आणि भावजी दुपारी पाटावर बसून ऐकू लागले. मधूनमधून फळीपलीकडून हसल्यासारखा आवाजही आला. मी नूपुरला सांगितलं, "कोणी येत नाही गं, कोळंबी आहे." तिची निराशा झाली.

इथे थांबायला हवं होतं. पण परवाची गोष्ट राहिली.

दुपार होती. मी बादलीशेजारी बसून कणिक मळत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. अशी जांभई आली की डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडं, हात अडकलेले.

चट, चट. थांबून, चट.

माझ्या गुडघ्यापाशी. बादलीतून.

मी पिठाच्या हातांनीच कापूस उचलला. खाली पांढऱ्या रिंगा आणि पंप. रिंगा मुठीमुठीने बाजूला केल्या. काहीही नव्हतं. पाणी शांतपणे नळीत चढत होतं.

फळीपलीकडे पाट सरकला. "वयनी," भावजींचा आवाज आला, घाबरलेला. "ऐकलास? खंयसून इली?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे. पण मी फळीच्या भोकातून दिसणाऱ्या त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायांची बोटं आवळून धरली होती त्यांनी.

"तुमच्याकडूनच आली, भावजी," मी म्हटलं. "आणखी कुठून येणार?"

बोटं सैल झाली. "हां," ते म्हणाले. "माका पण तसाच वाटला."

हे मी नळावर बोलले नाही, ह्यांना सांगितलं नाही. भावजी साधं वर्तमानपत्रही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. आताशा कणिक मळायला घेताना मी तोंड घट्ट मिटून बसते. पण दुपार चढते, बादली घरघरते, डोळे जड होतात. जबडा आपोआप उघडायला लागतो, आणि हात पिठातच ठेवून मी वाट बघते.